सापाच्या पोटातलं दूध

"अगं ए, पाय काढ माझ्या पायावरनं. साप बघायला आलेय मी, लंगडी व्हायला नाही."

झिताकाकू माझ्या कानाशी पुटपुटली. पाय माझाच होता, पण काढून ठेवायचा कुठं? इन्कोरोनाताच्या घराला खोली एकच, खिडकी एकच, आणि त्या गुरुवारी सकाळी रोकामुरा गावातल्या निम्म्या बायका त्या खोलीत कोंबल्या होत्या. उरलेल्या जिन्यावर. मधोमध उंच पलंगावर इन्कोरोनाताची सून कार्मोझिना, वय एकोणीस, नजर छताला लावून पडलेली. तिच्या शेजारी सहा दिवसांची मुलगी, खांद्यापासून टाचेपर्यंत पट्ट्यांनी करकचून गुंडाळलेली. पोरीचा बाप कानियो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत. आपल्याला मुलगी झाली हे पत्र अजून त्याला पोचलंही नसेल. आणि अर्धा पलंगाखाली, अर्धा बाहेर, आम्हाला फक्त बुटांचे तळवे दाखवत आडवा झालेला, गावोगाव साप काढत फिरणारा एलिजियोबुवा.

"शांतता!" पलंगाखालून आवाज आला. "तो ऐकतोय."

आम्ही श्वास धरला.

"मी त्याला ओळखतो, तो मला ओळखतो. साप चावूनही न मेलेल्या संत पॉलच्या सणाच्या रात्री जन्मलेल्या माणसाला दर सापाचं नाव ठाऊक असतं, बायांनो."

"मग मारा की हाक नावानं," झिताकाकू म्हणाली.

"नावानं हाक मारली की बहिरा होतो तो."

"हात्तिच्या! तसला एक आमच्याकडंही आहे. चाळीस वर्षं झाली."

दोघीतिघी फिसकन हसल्या. इन्कोरोनातानं वळून पाहिलं आणि हसू जागच्या जागी विझलं. तिच्याकडं बघून या गावात कुणी फार वेळ हसत नाही. तीन पोरं पुरलेली बाई ती.

सापानंच नेली होती तिची तिन्ही. झिताकाकूची दोन. माझा सावेरियोही, अकराव्या दिवशी. त्याला आता बावीस वर्षं होतील. आमच्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही, भाकरी-मिठासारखं ते घरातच असतं: बाळंतिणीच्या दुधाच्या वासावर साप येतो. ती झोपली की छातीला लागतो, आणि पोरानं रडून उठवू नये म्हणून शेपटीचं टोक त्याच्या तोंडात देतो. पोर शेपटी चोखत राहतं आणि वाळत जातं. म्हणून पलंगाभोवती राख पसरायची. राखेत नागमोडी रेघ उमटली की समजायचं, आला होता. कार्मोझिनाच्या पलंगाभोवती तशी रेघ त्या सकाळी सापडली होती. मला ती केरसुणीची वाटली. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही बोलले नाही.

"धरला!" बुवा ओरडला.

तो मागं सरकत बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत पुरुषभर लांबीचा तपकिरी साप होता, अंगावर चार काळे पट्टे. असे साप आमच्या दगडी बांधांवर उन्हाला पडलेले असतात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण बांधावरचा साप वेगळा आणि बाळंतिणीच्या खोलीतला वेगळा. जिन्यावर किंकाळ्या उठल्या, कुणाची तरी टोपली गडगडत खाली गेली. माझा पाय आपोआप झिताकाकूच्या पायावरून निघाला आणि दुसरीच्या पायावर पडला.

"थाळी," बुवा म्हणाला. इन्कोरोनातानं पांढरी थाळी धरली. बुवानं सापाच्या मानेखालून अंगठा सरकवला, पोटापर्यंत नेला, आणि ओल्या पिशवीसारखं पोट उलटं पिळलं. सापानं तोंड उघडलं. थाळीत दूध पडलं. पांढरं, चांगलं वाडगाभर दूध.

बायका गुडघ्यांवर बसल्या. ज्यांना बसायला जागा नव्हती त्या दुसरीच्या पाठीवर वाकल्या. कुणी रडू लागली, आणि मला नीट कळलं की ती या पोरीसाठी रडत नाहीये, स्वतःच्या पोरासाठी रडतेय. बघा, खरंच होतं. सापच होता.

मी उभीच राहिले. देवावरचा राग म्हणून नव्हे. मी अठ्ठावीस वर्षं चीज करते, आणि त्या थाळीतून मला शेळीचा वास आला.

तरी मी गप्पच होते. हे इथं लिहायलाच हवं. बुवा पुढं सांगत होता: सापाच्या तोंडचं विष आता दुधाच्या वाटेत बसलंय, म्हणून नऊ दिवस पोरीला अंगावर घ्यायचं नाही. मी देतो ती पूड काढ्यातून पाजायची, तीनदा. दहाव्या दिवशी दूध नदीसारखं वाहील. इन्कोरोनातानं त्याच्या झोळीत एक अख्खं चीज घातलं. मी केलेलंच. पुडीतली चिमूट मी हळूच जिभेला लावून पाहिली: खडू आणि साखर.

"ब्रिजिदाकाकू," कार्मोझिना त्या सकाळी पहिल्यांदा बोलली, माझ्याशी. "ती रडत नाहीये आता."

"रडत नाही म्हणजे बरं वाटतंय तिला," सासू म्हणाली.

मी पोरीला उचललं. कपाळाची कातडी फळीवर राहून गेलेल्या सफरचंदासारखी झाली होती. टाळू आत गेलेली. पट्टीखाली हात घालून पाहिलं: कोरडं.

"कधी ओलं केलं होतं हिनं?"

"काल दुपारी," कार्मोझिना म्हणाली. "का परवा."

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "वाट द्या. वाट द्या म्हणते ना! अंगावरून चालत जाऊ का?" ही ओतिलियाबाई, आमची सरकारी सुईण. तीन गावांना मिळून एक, आणि आमच्या वाट्याला गुरुवार. खेचरावरून चार तास चढून येते. कार्मोझिनाला शुक्रवारी कळा लागल्या, तेव्हा बाळंतपण इन्कोरोनातानंच उरकलं होतं, जसं तिनं या गावात तीसेक उरकली असतील.

ओतिलियाबाईनं पोर पाहिलं आणि टोपी काढली. मग कार्मोझिनाच्या छातीला उलट्या हातानं स्पर्श केला. कार्मोझिना कळवळली.

"दूध नाही म्हणता हिला? अहो, फुटायला आलंय. दगड झालाय नुसता. किती दिवस पाजलं नाही?"

"पाजलं की," इन्कोरोनाता म्हणाली. "पहिले तीन दिवस पिवळी घाण निघते, ती पिळून राखेत टाकली. सगळ्याच टाकतात. चौथ्या दिवशी लावलं तर पोरगी तोंडच फिरवते. सापानं दूध नेल्यावर काय पिणार ती?"

"आणि तोवर पोटात काय?"

इन्कोरोनातानं कापडाची पुरचुंडी दाखवली: चावलेला पाव, साखर, वर बाबुन्याच्या फुलांचा काढा. ओतिलियाबाईनं ती नाकाशी नेली.

"खसखशीची बोंडंही घातलीत यात. अफूच ही."

"शांत झोपते."

"झोपणारच!" बाईनं डोळे मिटून घेतले. "इन्कोरोनाता, बाजूला व्हा. हिला आत्ता दूध लागेल. आज पोटात गेलं नाही तर पुढच्या गुरुवारी मी कशाला येऊ?"

"नऊ दिवस हात लावायचा नाही." इन्कोरोनाता पलंगापुढं उभी राहिली, दोन्ही हात पसरून. आडदांडपणा नव्हता तो. घाबरली होती ती. "विष आहे त्या दुधात. तीन गेली माझी, बाई. चौथं विषानं मारू?"

बुवा साप मुठीत धरून भिंतीला टेकला होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. सगळी खोली त्याच्या वतीनं बोलत होती: नका हात लावू, हो म्हणा, नऊच तर दिवस. माझ्या हातातली पोरगी मात्र काहीच बोलत नव्हती. ओठांनी चोखल्यासारखं एकदा केलं, मग तेही थांबलं.

"विरजणाला विचारू या," मी म्हणाले.

सगळ्या माझ्याकडं वळल्या. चीज लावताना आम्ही कोकराच्या जठराचं विरजण घालतो, वाळवून कुटलेलं. गावातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक आहे: मेंढीचं दूध त्यानं बांधलं जातं, शेळीचं बांधलं जातं, गाईचं बांधलं जातं. सुरी घातली तर उभी राहते.

"बाईचं दूध बांधलं जात नाही," मी म्हणाले. "कितीही घाला. पातळच राहतं. थाळीतलं दूध कार्मोझिनाचं असेल तर पातळ राहील. मग इन्कोरोनाता, तुझंच खरं, मी तुझ्या पाया पडेन. आणि बांधलं गेलं, तर ते हिच्या छातीतलं नाही. मग विषही नाही."

"तुला काय माहीत बाईचं दूध बांधलं जात नाही ते?"

"चीजवाली आहे मी," मी म्हणाले.

ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. सावेरियोला पुरून आलो त्या संध्याकाळी माझी छाती भरून आली होती. अंगावरचं कापड भिजत होतं. मी ते दूध पातेल्यात पिळलं, आणि डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईसारखं त्याला विरजण लावून बसले. त्याचं काहीतरी व्हावं, काहीतरी उरावं म्हणून. सकाळपर्यंत बसले. ते बांधलं गेलं नाही. मग ओतून दिलं, पातेलं घासलं, आणि बावीस वर्षं एक प्रश्न स्वतःला विचारायचं टाळलं. सापानं दूध नेलं होतं, तर पातेल्यात काय होतं?

मी घरून विरजणाचं मडकं आणलं. पण परीक्षेला कार्मोझिनाचंही दूध लागणार होतं, आणि मला वाटतं ओतिलियाबाईला माझा डाव तेव्हाच कळला. "कपभर," ती इन्कोरोनाताला गरिबासारखं म्हणाली. "परीक्षेपुरतं. पोरीला नाही देत."

इन्कोरोनाता बाजूला झाली आणि बाईनं गरम पाण्यातलं फडकं कार्मोझिनाच्या छातीवर ठेवलं. बोटं पसरून, बाहेरून आत, फार हळू. कार्मोझिनानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. आधी काहीच नाही. मग एक थेंब, पिवळट. मग दुसरा. मग एकदम धार लागली, कपाच्या कडेवर आपटली आणि आवाज झाला. एवढासा आवाज तो, पण जिन्यावरच्या बायकाही गप्प झाल्या. दूध आटलं, दूध नेलं, असं तीन दिवस ज्या बाईबद्दल सगळं गाव बोलत होतं, तिच्या छातीतून दूध येत होतं. अर्धा कप. पाऊण कप. ओतिलियाबाईच्या बोटांवरूनही ओघळत होतं, आणि पोरीला मी नेमकी तिच्या हाताखालीच धरली होती. बाईची करंगळी पोरीच्या तोंडात कधी गेली ते इन्कोरोनातानं पाहिलं नाही. किंवा पाहिलं.

थाळीतलं दूध वाडग्यात ओतलं, दोन्ही दुधं शेगडीवर कोमट केली. दोन्हींत सारखीच चिमूट घातली. वर कापड झाकलं.

"जपमाळ म्हणू या," कुणीतरी म्हणालं. एक जपमाळ म्हणजे दूध बांधायचा वेळ, आम्ही चीजही तसंच लावतो. तर आम्ही जपमाळ म्हटली, बुवासकट. सर्वांत मोठा आवाज त्याचाच.

कापड मी काढलं. सुरी आधी कार्मोझिनाच्या कपात घातली. पाण्यात घातल्यासारखी गेली, वर काढली तर दूध गळालं. मग सापाच्या वाडग्यात. सुरी उभी राहिली. मी तुकडा कापला, बोटावर उचलला. तो थरथरला पण मोडला नाही.

"शेळी आहे ही," मी म्हणाले. "या घरात एखादी शेळी व्याली असेल तर सांगा."

आणि मग झिताकाकू, जिला तोंड बंद ठेवणं जन्मात जमलं नाही, म्हणाली, "माझ्याकडनं घेतलं ना त्यानं पहाटे. वाडगाभर. म्हणाला, उपवास सोडायचाय. मी म्हटलं, घ्या बापडे, देवमाणूस तुम्ही." मग आपण काय बोललो ते तिला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. उशिरा.

ओतिलियाबाईनं बुवाच्या हातातून साप घेतला, सरळ मानेशी धरून, जसा आम्ही कोंबडा धरतो. त्याचं तोंड बोटानं उघडून सगळ्यांना दाखवलं. "बघा नीट. चोखायला ओठ लागतात. गाल लागतात. आहेत याला? दात बघा, सगळे आत वळलेले. हा छातीला लागला तर बाई झोपून राहील का? किंचाळून गाव गोळा करील. आणि हा दूध का प्याला सांगू? तीन दिवस पाण्यावाचून पोत्यात घालून भट्टीजवळ ठेवला की हा काहीही पितो. तहानेनं. मग पोट दाबलं की बाहेर. पलंगाखाली तो आला कसा, ते झोळीला विचारा."

झोळी रिकामी होती, फक्त माझं चीज.

असं झाल्यावर बुवा पळतो, लोक त्याच्या मागं दगड घेऊन धावतात, असं आपण ऐकलेलं असतं. तसं काही झालं नाही. एलिजियोनं साप परत मागितला, अदबीनं. झोळीत घातला. चीज काढून खुर्चीवर ठेवलं, मग थोडा विचार करून परत झोळीत टाकलं. दारात माझ्यापाशी थांबला.

"ब्रिजिदाबाई, हुशार आहात. पण मी यांना एक गुन्हेगार देतो. तो घेऊन चाललो मी. आता तुम्ही कोण देणार?"

मी दारातून बाजूला झाले.

तो जिना उतरला, आणि त्याच्यामागं दहा-बारा बायका उतरल्या. एक त्याला म्हणत होती, "माझ्या सुनेचेही दिवस भरत आलेत हो, बुवा." खोटं पकडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. बुवाचा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

खोलीत आम्ही सात-आठ जणी उरलो. ओतिलियाबाईनं पोरीच्या पट्ट्या सोडल्या. पोरगी केवढीशी निघाली आतून! काड्यांचे हातपाय. तिला तशीच उघडी आईच्या उघड्या छातीवर ठेवली, वर शाल.

"घाई नको," ती कार्मोझिनाला म्हणाली. "छाती भरून टणक झाली की बाळाला ती तोंडात धरताच येत नाही, घसरते. तिनं तोंड फिरवलं ते नको म्हणून नाही. आधी थोडं दूध काढायचं, पुढचा भाग मऊ करायचा. असं. आता ओठाला लाव. थांब. नुसतं टोक नाही द्यायचं. मोठं उघडू दे तोंड, जांभईसारखं, मग हनुवटी आधी टेकव."

पोरीनं तोंड उघडलंच नाही. टाचेला गुदगुल्या केल्या, पाठीवर बोट फिरवलं. ती खसखशीच्या झोपेत. एकदा उघडलं, पण लागेपर्यंत मिटलं. दुसऱ्यांदा लागली आणि घसरली. कार्मोझिना मुसमुसत म्हणाली, "मलाच येत नाही." बाई म्हणाली, "तुला कुणी शिकवलं होतं?" चमच्यानं दूध दिलं, निम्मं गालावरून गेलं. सूर्य खिडकीतून सरकून भिंतीवर गेला. मला सावेरियोचं तोंड आठवू नये म्हणून मी शेगडीतले निखारे मोजत होते.

कितव्या वेळी ते सांगता येत नाही. पोरीनं तोंड उघडलं, हनुवटी टेकली, आणि राहिली. गाल हलला. थांबला. पुन्हा हलला. मग घशात तो आवाज, गुटकन. एकच. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"जगेल?" इन्कोरोनातानं विचारलं. दारालगतच्या पेटीवर ती मघापासून बसून होती.

"सांगता नाही येत," ओतिलियाबाई म्हणाली. "फार उशीर झालाय. तासातासाला पाजा, झोपली तर उठवा. काढा नाही, बोंडं नाही, पुरचुंडी नाही. ओलं केलं की मला निरोप धाडा. आणि बायांनो, एवढंच ऐका माझं. पिवळं दूध घाण नसतं, पहिल्याच तासाला तेच द्या. पोर तोंड फिरवतंय तर का, ते बघा. दुखतंय तर विचारा, मला विचारा, पाजलेल्या बाईला विचारा. कुणी म्हणालं साप, तर त्याला विचारा, कुणी पाहिला? डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हातानं करून बघितल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. माझंही नका ऐकू."

झिताकाकूनं चपला शोधल्या, पण पायात घातल्या नाहीत. सगळ्या जमिनीकडं बघत होत्या, तिथल्या राखेकडं. प्रत्येकीच्या मनात एकच हिशेब चालू होता आणि तो कुणालाच पुरा करायचा नव्हता. मलाही नाही. वाडग्यातलं शेळीचं दूध आता पाणी सोडून कडेपासून सुटू लागलं होतं.

"ब्रिजिदा," इन्कोरोनाता म्हणाली. माझ्याकडं न बघता. "सावेरियो गेला तेव्हा तुला दूध होतं?"

ओतिलियाबाईनं मान वर केली. पलंगावर पुन्हा गुटकन आवाज झाला.

"होतं," मी म्हणाले.

"मलाही होतं. तिन्ही वेळा. पुरून आल्यावर कापडं भिजायची माझी." तिनं मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले, त्यांच्याकडं पाहत राहिली. "साप नव्हताच. पोरं उपाशी मेली आपली. आपल्याच कुशीत, दुधाच्या शेजारी."